चारशे प्रश्न सोडवले, मग अडलं कुठे?

टीईचं, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं, वर्ष सुरू होऊन महिनाही होत नाही, तोच आमच्या विभागाबाहेरच्या फळ्यावर इंटर्नशिपची पहिली नोटीस लागते. पुढच्या उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या कामासाठी काही कंपन्या आत्ताच निवड करतात, हे पुष्कळ मुलांना ती नोटीस बघूनच कळतं. मग कॅन्टीनमध्ये, हॉस्टेलवर, सीनिअरांच्या तोंडून एकेक 'नियम' कानावर यायला लागतो. मी पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि या मुलांच्या सराव-मुलाखती घेते. यातले बरेच नियम खोटे आहेत. त्यांच्यापायी चांगली मुलं नको तिथं घाम गाळतात, हे बघवत नाही, म्हणून लिहिते आहे.

"जितके जास्त प्रश्न सोडवाल, तितकी निवड पक्की"

मागे एक मुलगा सराव-मुलाखतीला आला. लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर चारशेच्या वर प्रश्न सोडवलेले. मी त्याला बायनरी सर्च लिहायला सांगितलं. दोन मिनिटांत कागदावर कोड तयार. म्हटलं, "ॲरेत एकच आकडा आहे, सात. शोधायचाही सातच आहे. आता बोट ठेवून कोड चालवून दाखव." लो शून्य, हाय शून्य. लूपची अट त्यानं 'लो हायपेक्षा लहान असेपर्यंत' अशी लिहिली होती, 'लहान किंवा समान' अशी नाही. लूप एकदाही फिरला नाही. समोर एकुलता एक सात होता आणि कोड सांगत होता, सात सापडला नाही. तो कागदाकडे बघत राहिला. "मॅडम, हे तर मी कितीदा सबमिट केलंय!"

केलंच होतं. पण दर वेळी चूक स्क्रीननं दाखवली होती आणि त्यानं एक चिन्ह बदलून पुन्हा बटण दाबलं होतं. चूक का झाली, याच्यापाशी तो कधी थांबला नव्हता.

मी त्याला सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवून ठेवलंय की बायनरी सर्च पहिल्यांदा छापून आली १९४६ मध्ये, पण घटक कितीही असले तरी बिनचूक चालणारी आवृत्ती छापून यायला दशकाहून जास्त काळ लोटला. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येही एक चूक जवळपास नऊ वर्षं दडून होती. लो आणि हाय यांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ती ऋण व्हायची आणि पुढचं सगळं गणित कोसळायचं. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये हे उघडपणे लिहिलं, आणि तो कोड मुळात त्यांनीच लिहिलेला होता. आपल्या कोडकडे संशयानं बघता येणं म्हणजे काय, ते यातून कळतं. मुलाखत घेणारा तेच शोधत असतो.

तेव्हा वस्तुस्थिती अशी, की दीडशे प्रश्नसुद्धा पुरतात, पण ते मुरलेले हवेत. सोडवलेला प्रश्न तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर परत लिहा. ॲरे रिकामा असेल तर, एकच घटक असेल तर, सगळे सारखेच असतील तर काय होईल, ते हातानं चालवून बघा. तोंडानं बोलत सोडवा, समोर रूममेट असेल तर उत्तम. आणि प्रश्नाखाली बारीक अक्षरात दिलेल्या मर्यादा आधी वाचा. घटक एक लाख असतील आणि तुम्ही लूपमध्ये लूप घातलात, तर १,००० कोटी पायऱ्या होतात. सेकंदाला दहाएक कोटी साध्या क्रिया धरल्या तरी शंभर सेकंद लागले, आणि परीक्षा तुम्हाला एक-दोन सेकंदच देते. तेच आधी सॉर्ट करून केलं तर काम सतरा लाखांच्या आसपास पायऱ्यांत येतं. याउलट मर्यादा वीसच घटकांची असेल तर सगळे उपसंच तपासले तरी ते साडेदहा लाखच भरतात, बिनधास्त तपासा. दीड तासाच्या ऑनलाइन टेस्टमध्ये पहिली दोन मिनिटं या हिशेबाला दिली, तर पुढची चाळीस वाचतात. हे मी मुलांना इतक्यांदा सांगते की आता ती माझ्याआधी म्हणून दाखवतात, आणि टेस्टमध्ये तरीही विसरतात.

"सीजीपीए नऊच्या वर नसेल तर नाव नोंदवण्यातही अर्थ नाही"

कटऑफ असतो, पण तो दाराशी. नोटिशीत सात लिहिलं असेल तर सात असलेला आणि साडेनऊ असलेला एकाच टेस्टला बसतात आणि पुढची चाळणी टेस्टची असते. मात्र दार काटेकोर असतं. ६.९५ म्हणजे सात नव्हे, आणि लाइव्ह बॅकलॉग चालणार नाही असं लिहिलं असेल तर राहिलेल्या एका विषयाची केटीसुद्धा आड येते.

डिप्लोमा करून थेट एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, आलेल्या मुलांनी इथं जास्त जपायला हवं, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही. टीईच्या सुरुवातीला सीईटीतून आलेल्या मुलाच्या हातात चार सत्रांचे गुण असतात, यांच्या हातात दोनच. एक सत्र बिघडलं की त्याची सरासरी पाव हलते, यांची अर्धी. एसईचं पहिलं सत्र 'कॉलेज समजून घेण्यात' घालवणं त्यांना परवडत नाही.

"प्रोजेक्ट भारी हवा, एआय नाहीतर ब्लॉकचेन"

चेहरा ओळखून हजेरी लावणारा प्रोजेक्ट मला दर वर्षी पाच-सहा रेझ्युमेंवर दिसतो. खाली लिहिलेलं असतं, अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के. मी विचारते, किती फोटोंवर? कुणाच्या? ज्या फोटोंवर शिकवलं त्यांच्यावरच तपासलंत का? चौघांच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाटत असतं की हे दुसऱ्यानं बघितलंय.

याच्या शेजारी मला आमची सांगलीकडची एक विद्यार्थिनी आठवते. तिच्या घराजवळच्या दूध संकलन केंद्रात सगळा हिशेब वहीत चालायचा. तिनं त्यासाठी छोटंसं सॉफ्टवेअर केलं: सभासद क्रमांक टाकायचा, लिटर टाकायचे, फॅट आणि एसएनएफ टाकायचं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते, दहा दिवसांनी बिल छापून मिळतं. दिसायला अगदी साधं. मुलाखतीत तिला विचारलं, एकच नोंद चुकून दोनदा झाली तर? ती म्हणाली, पहिल्यांदा मी तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि सभासद क्रमांक मिळून डेटाबेसची की केली होती, म्हणजे दुसरी नोंद आपोआप नाकारली जाईल. पण तिसऱ्याच दिवशी एका काकांनी केंद्रात भांडण काढलं. त्यांच्या दारात गाय होती आणि म्हैसही. गाईचं दूध नोंदवल्यावर म्हशीचं घेतच नव्हतं. मग दुधाचा प्रकारही कीमध्ये घालावा लागला, आणि जुन्या नोंदी एका रविवारी बसून बदलाव्या लागल्या.

त्यानंतर बराच वेळ मुलाखत दुधावरच चालली, असं तिनं नंतर सांगितलं. वीज गेली तर काय, दर मध्येच बदलला तर जुन्या बिलांचं काय. तिची निवड झाली. तिच्या रेझ्युमेवर एआय हा शब्द नव्हता. खऱ्या माणसानं वापरलेली, एकदा तरी मोडलेली आणि स्वतः दुरुस्त केलेली गोष्ट तिच्याकडे होती, आणि ती सांगायला तिला पाठांतर लागलं नाही.

रेझ्युमे एका पानाचा ठेवा, आणि त्यावरच्या प्रत्येक शब्दावर दहा मिनिटं प्रश्न येणार असं धरून चाला. एसक्यूएल लिहिलंय ना? मग ज्यांचे मार्क भरलेलेच नाहीत त्यांची यादी काढा म्हटलं की 'मार्क्स इक्वल टू नल' लिहू नका, त्यातून एकही ओळ बाहेर येत नाही. तिथं 'इज नल' लागतं. हे माहीत नसेल तर तो शब्द रेझ्युमेवरून काढलेला बरा.

"मेकॅनिकल-सिव्हिलला इंटर्नशिप ओळखीनंच मिळते"

ओळखीनं मिळतातही, खोटं कशाला बोलू? पण चाकण, रांजणगाव, भोसरीच्या कारखान्यांतून कॅम्पसवर येणारी माणसं काय विचारतात ते ऐकाल, तर तयारी आपल्या हातात किती आहे हे कळेल. एकदा एकानं खिशातून बेअरिंग काढून टेबलावर ठेवलं. वर आकडा होता ६२०५. "आतला व्यास किती?" मुलं व्हर्निअर शोधायला लागली. शेवटचे दोन आकडे पाचानं गुणायचे, पंचवीस मिलिमीटर, बस. वर्कशॉपमध्ये चार सत्रं हात काळे करूनही बेअरिंगवरचा आकडा कुणी वाचला नव्हता. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली खूण पाहून हे फर्स्ट अँगल आहे की थर्ड, हे सांगता येणं, व्हर्निअरचं लीस्ट काउंट तोंडावर असणं, सिव्हिलवाल्यांना एम २५ मधला २५ कशाचा हे माहीत असणं (१५० मिलिमीटरचा क्यूब, अठ्ठावीस दिवस, चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन): निम्मी मुलाखत इथंच जिंकता येते.

"इंग्रजी फाडफाड हवं"

इंग्रजी लागतं. लागत नाही असं सांगून मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची फसवणूक करणार नाही. पण लागतं ते साधं, छोट्या वाक्यांचं. आपला प्रोजेक्ट दोन मिनिटांत सांगणं, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारणं, विचार करायला वेळ मागणं, आणि येत नसेल तर येत नाही म्हणणं. एवढं महिनाभर रोज मोठ्यानं बोलून पक्कं होतं. उच्चारावरून कुणाला नाकारलेलं मी पाहिलं नाही. गप्प बसल्यामुळे नाकारलेली मुलं पुष्कळ पाहिली.

"कॅम्पसमध्ये नाही मिळाली, तर पैसे भरून घ्यावी"

याचा मला मनापासून राग आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये टीईच्या सहाव्या सत्रात इंटर्नशिपला चार क्रेडिट आणि टर्मवर्कचे १०० गुण ठेवले. हेतू चांगला होता. पण मुलांना प्रमाणपत्राची निकड लागली आणि ती विकणारी दुकानं उभी राहिली. आमच्या काही मुलांनी अशा एका ठिकाणी प्रत्येकी आठ हजार रुपये भरले. काम काय, तर आठवड्याला एक रेकॉर्डेड व्हिडिओ. त्यातल्या एकाचे वडील रिक्षा चालवतात. पुढच्या मुलाखतीत 'तिथं काय केलंस' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

काम देणारा पैसे मागत नाही. फार तर स्टायपेंड देणार नाही. तुमचं काम कोण तपासणार, त्या माणसाचं नाव विचारा. ते सांगता येत नसेल तर निघा. गावाकडचा वर्कशॉप, एखादी लहान कंपनी, आपल्याच प्राध्यापकांचं संशोधनाचं काम, ही सगळी त्यापेक्षा बरी. आणि तिथल्या कामाची रोजची नोंद ठेवा.

आमच्या विभागात आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे. मुलाखत देऊन आलेल्या प्रत्येकानं, निवड झाली असो वा नसो, त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न तिच्यात लिहायचे. रात्र उलटली की निम्मे विसरतात. त्या सातच्या आकड्यावर अडलेल्या मुलाला पहिल्या कंपनीनं घेतलं नाही, दुसरीनंही नाही. दोन्ही वेळा तो येऊन लिहून गेला, सुवाच्य अक्षरात, कुठं अडलो त्याच्यासकट. तिसऱ्या नोंदीत शेवटी त्यानं तारीख टाकून एवढंच लिहिलंय: सिलेक्टेड. वही लॅबमधल्या कपाटात असते, किल्ली लॅब असिस्टंट काकांकडे. मागितली की ते देतात.