गोळी, एकाग्रता आणि मुलाचे हसू

अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेला 'एडीएचडी', आता आपल्या समाजाला अपरिचित राहिलेला नाही. पूर्वी ज्या मुलाला घरात 'द्वाड' आणि शाळेत 'उनाड' म्हणून मोकळे होत, त्याच मुलाला आज शिक्षिकाच तज्ज्ञांकडे पाठवितात. रीतसर निदान होते, आवश्यक तेथे औषध सुरू होते आणि पुष्कळदा पहिल्या महिन्यातच वहीवरचे शेरे बदलू लागतात. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु याच सुमारास आणखी एक वाक्य आमच्या कानी पडते. ते बहुधा आई-वडील बोलत नाहीत, सोबत आलेली आजी बोलते : "डॉक्टर, अभ्यासाला बसतो हो आता, पण पूर्वीसारखा हसत नाही."

हे वाक्य म्हणजे वृद्धांचा भाबडेपणा समजून सोडून देणे सोपे आहे. त्यात नोंद घेण्याजोगे लक्षण आहे, ते वेळीच विचारून घेतले तर बहुतेक वेळा दूर करता येते, आणि विचारले नाही तर घरचे लोक आपल्याला न कळविता औषध बंद करतात, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिल्याच निबंधातील नोंद

चंचल मुलांना उत्तेजक औषध दिल्याने ती स्थिरावतात, हा शोध तसा योगायोगाचा. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे वर्तनविकार असलेल्या मुलांसाठी ब्रॅडली होम ही संस्था होती. तेथील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली ३० मुलांना आठवडाभर बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन, दिले. त्यांपैकी १४ मुलांची शालेय कामातील प्रगती थक्क करणारी होती. मुलांनीच त्या औषधाला 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले.

ही हकीकत पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. तिचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याच निबंधात ब्रॅडली यांनी लिहिले होते की ३० पैकी १५ मुले भावनिकदृष्ट्या स्पष्टपणे मंदावली. भोवतालच्या लोकांच्या दृष्टीने ही सुधारणाच होय, असेही त्यांनी म्हटले होते. म्हणजे या औषधांचा मनःस्थितीवरील परिणाम हे काही अलीकडचे खूळ नव्हे. तो पहिल्या निबंधातच नोंदलेला आहे. आणि मूल शांत झाले की मोठ्यांना ते बरे झाल्यासारखे वाटते, हा आपला दृष्टिदोषही तितकाच जुना आहे.

पुढे १९४४ साली बाझेल येथील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून ते 'रिटालिन' म्हणून १९५४ साली बाजारात आले. आपल्याकडे या विकारासाठी आजही प्रामुख्याने हेच औषध वापरले जाते.

घड्याळाची साक्ष

मेथिलफेनिडेट मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनालिन यांचे पेशींत परत शोषले जाणे रोखते. त्यामुळे लक्ष टिकविण्याची आणि आवेग आवरण्याची शक्ती वाढते. साध्या गोळीचा प्रभाव तीन-चार तास राहतो. दीर्घप्रभावी गोळीचा आठ ते बारा तास. औषधाला असे ठरलेले वेळापत्रक असल्यामुळे मनःस्थितीच्या तक्रारीलाही वेळापत्रक असते. "मूल चिडते" एवढ्यावर न थांबता "केव्हा चिडते?" हा प्रश्न विचारला, की निम्मे निदान होते.

पहिला प्रकार : गोळी घेतल्यानंतर एक-दोन तासांत, प्रभाव ऐन भरात असताना मूल गप्प होते, खेळात मिसळत नाही, चेहरा निर्विकार दिसतो किंवा विनाकारण डोळे भरून येतात. याचा अर्थ बहुधा मात्रा अधिक होत आहे. मात्रा कमी करताच पुष्कळ मुले पूर्ववत होतात. न झाल्यास औषध बदलावे लागते.

दुसरा प्रकार : सकाळी साडेसातला गोळी घेऊन शाळेत गेलेले मूल अकरा-साडेअकराच्या सुमारास, किंवा दीर्घप्रभावी गोळी घेतलेले मूल सायंकाळी, एकाएकी रडवेले व भांडखोर होते आणि तासाभरात निवळते. हा औषध ओसरतानाचा उलट झोका आहे. येथे सकाळची मात्रा कमी करून भागत नाही. उतार सौम्य करावा लागतो : दीर्घप्रभावी गोळी, किंवा दुपारी अल्प मात्रा, आणि त्या तासात गृहपाठाचा आग्रह न धरणे.

तिसरा प्रकार : सकाळपासून रात्रीपर्यंत, गोळी न घेतलेल्या रविवारीही, मूल उदास राहते. येथे मात्र गोळीपलीकडे पाहिले पाहिजे. सोबतचा विषादविकार, चिंताविकार, वर्गातील छळ, घरातील ताण यांचा शोध घ्यावा लागतो.

मेथिलफेनिडेटचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचे असल्याने वैद्याच्या सल्ल्याने एक-दोन दिवस औषध थांबवून पाहणे ही सोपी कसोटी ठरते. हसू परत आले तर कारण कळले. न आले तर शोध पुढे चालू ठेवावा.

लहानग्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवरील एक मोठा अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे थांबवावे लागले, आणि पालकांच्या तक्रारींत भावनांचा उद्रेक व चिडचिड ठळक होती. या वयात प्रथम पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावे, औषध नंतर, हीच आज मान्य रीत आहे.

दुसऱ्या गटातील औषधे

अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नव्हे. त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून येथे घड्याळाऐवजी दिनदर्शिका पाहावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत गुंगी, चिडचिड, मनाची अस्थिरता दिसू शकते. सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधावर चौकटीतील इशारा छापण्याचा आदेश दिला. बारा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात हे औषध घेणाऱ्या १,३५७ मुलांपैकी ५ मुलांत आत्महत्येचे विचार आढळले होते; निष्प्रभ गोळी घेणाऱ्या ८५१ मुलांत एकाही नाही. एका मुलाने प्रयत्न केला होता; मृत्यू एकही झाला नाही. प्रमाण हजारी चारच्या आसपास, म्हणजे थोडे. परंतु विचारण्याची जबाबदारी टाळण्याइतके थोडे नव्हे.

येथे एक व्यावहारिक सूचना. अ‍ॅटोमॉक्सेटिनचे विघटन यकृतातील ज्या विकराने होते, त्यालाच फ्लुओक्सेटिन व पॅरॉक्सेटिन रोखतात. ही औषधे एकत्र आली की रक्तातील मात्रा पुष्कळ वाढू शकते. उदासीसाठी एकाने आणि चंचलतेसाठी दुसऱ्याने, असे दोन वैद्यांचे कागद एका मुलाच्या खिशात असतील, तर ते एकमेकांशेजारी ठेवून वाचलेच पाहिजेत.

क्लोनिडिनने मूल पेंगुळते, क्वचित खिन्नही होते. मात्र ते एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळण्याची भीती असते. "औषध मानवत नाही" म्हणून घरच्या घरी थांबवू नये.

क्वचित, पण गंभीर

उत्तेजक औषधांनी फार थोड्या मुलांना भास होतात. अंगावर किडे चालल्याची किंवा साप दिसल्याची तक्रार घेऊन मूल रात्री उठते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ४९ चाचण्यांच्या विश्लेषणात औषध घेणाऱ्या गटांत ७४३ व्यक्ती-वर्षांत अशा ११ घटना आढळल्या. निष्प्रभ गोळीच्या ४२० व्यक्ती-वर्षांत एकही नाही. असे घडल्यास औषध लगेच थांबवून डॉक्टरांना कळवावे. बहुतेक मुलांत भास थांबतात. याला बाधा समजून इतरत्र धावण्याचे कारण नाही. मूल अकारण उन्मादाने बोलू लागले, झोपेची गरजच उरली नाही, तर कुटुंबात द्विध्रुवी विकार आहे का, हे पुन्हा विचारावे. खरे तर ते पहिल्या भेटीतच विचारून ठेवावे.

सारा दोष गोळीचा नव्हे

एवढे वाचून कोणी गोळीलाच आरोपी ठरवील, तर तेही न्याय्य होणार नाही. १९९० साली अमेरिकेत रसेल बार्कली व सहकाऱ्यांनी मेथिलफेनिडेटच्या दुष्परिणामांची निष्प्रभ गोळीशी तुलना केली. चिडचिड, रडवेपणा, चिंता यांसारख्या अनेक तक्रारी निष्प्रभ गोळी चालू असतानाही मुलांत होत्याच. रोज बोलणी खाणारे, मित्र न मिळालेले मूल मुळातच दुखावलेले असते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीच त्याची मनःस्थिती लिहून ठेवावी. नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

हाँगकाँगमधील २०१७ चा अभ्यास या बाबतीत बोधप्रद आहे. त्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण मेथिलफेनिडेट सुरू होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत सर्वाधिक होते. सुरू झाल्यानंतरच्या ९० दिवसांतही ते वाढलेलेच होते, आणि उपचार पुढे चालू राहिल्यावर पूर्वपदावर आले. संकट बहुधा गोळीच्या आधीच घरात आलेले असते; पण पहिले तीन महिने डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, हेही त्यावरून दिसते.

आणखी दोन साधी कारणे आहेत, भूक आणि झोप. या औषधांनी भूक मरते. डबा तसाच परत येतो, आणि दुपारी मूल घरी येते ते उपाशी. त्या वेळची आदळआपट औषधाची की रिकाम्या पोटाची, हे ठरविण्यापूर्वी सकाळी गोळीआधी पोटभर न्याहारी आणि घरी येताच काही खाणे, एवढा उपाय आठवडाभर करून पाहावा. गोळी उशिरा दिल्याने झोप उडते आणि अपुऱ्या झोपेचे मूल दुसऱ्या दिवशी चिडतेच.

दवाखान्यात आणि घरी

मेथिलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये मोडते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता ठेवून घेतो. प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. दीर्घप्रभावी गोळी न मिळाल्याने साधी गोळी आणली गेली, तर दुपारचे रडणे सुरू होते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. "गोळी तीच आहे ना?" हे दर भेटीत विचारावे.

परदेशातून सुटीत येणाऱ्या नातवंडांविषयीही दोन शब्द. अमेरिकेत अ‍ॅम्फेटामाइन गटातील औषधे सर्रास वापरली जातात. चिडचिडीचा धोका मेथिलफेनिडेटपेक्षा त्यांत अधिक असल्याचे एकत्रित विश्लेषणांत दिसले आहे. आपल्या कायद्याने ती मनःप्रभावी द्रव्ये आहेत. ती टपालाने मागवू नयेत. येण्यापूर्वीच तिकडच्या डॉक्टरांशी बोलून कागदपत्रांसह व्यवस्था करावी.

पालकांनी एक साधी वही ठेवावी : गोळीची वेळ, जेवण, झोप आणि मनःस्थिती. पंधरा दिवसांची अशी वही कोणत्याही तपासणीपेक्षा अधिक सांगते. शिक्षकांना 'शांत बसतो का?' याबरोबरच 'मधल्या सुटीत खेळतो का?' हेही विचारावे. मुलाने जगणे नको झाल्याची भाषा केली, तर ती नाटक न मानता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.

आणि मुख्य म्हणजे मुलालाच विचारावे. "गोळी घेतल्यावर तुला कसे वाटते?" हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलालाही समजतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा मोठ्यांच्या उत्तरापेक्षा निराळे असते. मात्र तो आई-वडिलांदेखत विचारला तर "बरं वाटतं" एवढेच ऐकू येईल. दोन मिनिटे त्याच्याशी एकट्याने बोलावे.

योग्य मुलाला, योग्य मात्रेत दिलेले औषध त्याचे बालपण सुसह्य करते, याविषयी शंका नाही. पण उपचाराचे यश गुणपत्रिकेवरून किंवा घरातल्या शांततेवरून ठरवू नये. मूल लक्ष देऊ लागले आणि तरीही आपल्यासारखेच राहिले, तरच मात्रा बरोबर बसली असे समजावे. त्यासाठी पुन्हा पुन्हा मात्रा बदलण्याची तसदी घ्यावी लागते. ती घेण्यात वैद्याचा वेळ जातो खरा, पण तो सार्थकी लागतो.