अजून 'अ' चालू आहे

संस्कृतात 'असुर' हा शब्द आधी आला, 'सुर' मागाहून. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुण असुर आहे, इंद्रही असुर आहे. तिथे त्या शब्दाला सामर्थ्याचा मान आहे. अवेस्तात त्याचाच भाऊबंद 'अहुर' थेट परमेश्वराच्या नावात जाऊन बसला. आपल्याकडे पुढे अर्थ फिरला, असुर देवांचे वैरी झाले, आणि शब्दातला 'अ' नकाराचा आहे असं समजून लोकांनी तो वेगळा काढला व देव या अर्थी 'सुर' घडवला. केवढी उलथापालथ आहे ही, आणि सगळी एका शब्दाच्या पोटात! पण ती दिसायची तर तो शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या काळी, कुठल्या अर्थाने आला हे कुणीतरी टिपून क्रमाने लावून ठेवलेलं असावं लागतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हेच काम १९४८ पासून चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचा आराखडा आखला. वेदांपासून अगदी अलीकडच्या शतकांपर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले आणि त्यांतले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवायला सुरुवात झाली. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि ग्रंथातलं नेमकं स्थळ. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. त्यांतच पंचवीसेक वर्षं गेली; अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. त्यानंतर पस्तीसच्या आसपास भाग निघाले, आणि अजून 'अ' चालू आहे. नकारार्थी 'अ' आणि 'अन्' लागून होणारे शब्द संस्कृतात अमाप, त्यामुळे हे अक्षर तसंही दांडगंच. चिठ्ठी हातात घेणाऱ्याला आधी स्थळ मूळ ग्रंथात पडताळावं लागतं, मग टीकाकार काय म्हणतो ते पाहावं लागतं, आणि एकच शब्द न्यायात, वैद्यकात व काव्यात वेगवेगळ्या अर्थाने येत असेल तर ते धागे सोडवावे लागतात. यासाठी व्याकरण, शास्त्रं आणि हस्तलिखितांची सवय एका माणसात यावी लागते. ती ज्येष्ठाच्या शेजारी वर्षानुवर्षं बसूनच येते.

मानव्यविद्यांच्या भवितव्याची चर्चा होते तेव्हा विद्यार्थी घटले, नोकऱ्या नाहीत, अनुदान आटलं, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत हेच मुद्दे पुढे येतात. ते खरेच आहेत. पण दुखणं याहून खोल आहे. या विद्यांचा पाया म्हणजे साधनं वाचनीय करणं: संहिता शोधणं, लिपी लावणं, कोश रचणं. आणि विद्यापीठांची मोजपट्टी नेमकं हेच मोजत नाही. अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुणांक लावले. पुढे तपशील बदलले, तरी लेखांची मोजणी राहिली. अर्थात मोजमाप नको असं म्हणणं चूक ठरेल, कारण त्याआधी वशिला आणि ज्येष्ठता यांवरच बरंच काही ठरत असे. पण वर्षात चार लेख छापणारा आणि एका हस्तलिखिताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला आठ वर्षं देणारा यांना एकाच तराजूत घातलं, की दुसरा माणूस हळूहळू तयार होईनासा होतो.

यावर एक आक्षेप असा, की विद्यापीठांवाचून आपलं कुठे अडलं? इतिहाससंशोधक राजवाडे, ज्ञानकोशकार केतकर, महाराष्ट्र शब्दकोशाचे दाते-कर्वे यांनी डोंगराएवढं काम बाहेरच केलं. हे अगदी मान्य. पण जुने कागद शोधत गावोगाव हिंडणाऱ्या राजवाड्यांच्या पायपिटीवर धोरण आखता येत नाही. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं. मुख्य संपादक वि. सी. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, तरी १९६६ मध्ये ती पुरी झाली. तीही विद्यापीठाबाहेरचीच, पण तिच्यामागे संस्था होती, पद्धत ठरलेली होती आणि पुढचा संपादक तयार होता. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचंही तेच. दहा वर्षांत संपेल म्हणून ठरलेलं काम पाच वर्षांनी 'ए' अक्षराच्या सुरुवातीलाच होतं. संपादक मरे १९१५ मध्ये वारले. कोश १९२८ मध्ये पुरा झाला.

दुसरा आक्षेप आजचा आहे: यंत्र वाचेल की सगळं! काही अंशी वाचेलही, आणि वाचावंच. पण मोडीचा कागद डोळ्यांसमोर आणून पाहा. आधी ओळभर आडवी रेघ, तिला लटकलेली अक्षरं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षरं ओळखली तरी शब्द कुठे तुटतो हे विषय माहीत असल्याशिवाय ठरत नाही. महसुलाच्या कागदात जो तोड बरोबर तो खाजगी पत्रात चुकेल. यंत्राला शिकवायला अचूक वाचलेले हजारो कागद लागतात आणि त्याने वाचलेलं तपासायला पुन्हा जाणकार लागतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कोट्यवधी कागदांसमोर यंत्र उभं करायचं, तर आधी मोडीवाचक उभे करावे लागतील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्या निमित्ताने येणारा पैसा समारंभांत न जाता जागांमध्ये जावा. मराठी आणि इतिहासाच्या एम.ए.ला मोडीवाचनाची सक्तीची पत्रिका असावी, संपादित संहितेला आणि कोशातल्या नोंदीला लेखाइतकेच गुण मिळावेत, आणि निवृत्तीला पाच वर्षं उरलेल्या प्रत्येक कोशकाराशेजारी एका तरुणाची कायम पगारी खुर्ची असावी. 'अ'नंतर 'आ' आहे, आणि त्याच्याही चिठ्ठ्या लिहून तयार आहेत.