ट्रॅक बदलला म्हणून वर्षं वाया जात नाहीत!

इंजिनीअरिंग सोडून इतिहास घेतलेला एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. 'एवढी वर्षं वाया घालवलीस!' हे वाक्य त्याला आता पाठ झालं असेल. त्याला गेझा वेर्मेश यांची गोष्ट नक्की सांगा.

वेर्मेश यांचा जन्म १९२४चा, हंगेरीतल्या माको गावचा. घर ज्यू, पण ते लहान असतानाच आई-वडिलांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. नाझींच्या लेखी मात्र ते ज्यूच राहिले. १९४४मध्ये आई-वडिलांना नेलं, ते परत आलेच नाहीत. धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे वेर्मेश लपूनछपून वाचले.

युद्धानंतर ते बेल्जियमला शिकायला गेले. १९४७मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, बहुतेक हिब्रूतल्या गुंडाळ्या सापडल्या होत्या. टॉपिक एकदम नवा, त्यामुळे संदर्भग्रंथांचीही बोंब. तरी त्यांनी त्यावरच १९५३मध्ये डॉक्टरेट मिळवली.

मग १९५७मध्ये त्यांनी धर्मगुरूपदच सोडलं. तिशी उलटलेली, देश नवा, भाषा नवी. ब्रिटनमध्ये आधी न्यूकॅसलला शिकवलं, १९६५मध्ये ऑक्सफर्ड गाठलं. पुढे तिथले ज्यू अभ्यासाचे पहिले प्रोफेसर तेच झाले. १९६२मध्ये त्यांनी या गुंडाळ्यांचा इंग्रजी अनुवाद आणला आणि सामान्य वाचकालाही त्या वाचता येऊ लागल्या.

पण बरेचसे तुकडे अजून मोजक्या अभ्यासकांच्याच ताब्यात होते. इतरांना ते बघायलाही मिळेनात. १९७७मध्ये वेर्मेश जाहीरपणे म्हणाले, असंच चाललं तर हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा शैक्षणिक घोटाळा ठरेल. अखेर १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीनं आपल्याकडचे फोटो सगळ्या अभ्यासकांसाठी खुले केले.

आता बघा, 'वाया गेलेल्या' वर्षांचं काय झालं? चर्चमध्ये बायबल आतून कळलं होतं, गुंडाळ्यांमुळे त्या काळचं ज्यू जग कळलं. दोन्ही एकत्र आलं आणि १९७३मध्ये 'जीझस द ज्यू' हे पुस्तक झालं. येशूला त्याच्या काळातल्या गॅलिलीमधला एक ज्यू माणूस म्हणून समजून घ्या, असं त्यात त्यांनी मांडलं. नुसता धर्मगुरू किंवा नुसता भाषातज्ज्ञ असता, तर हे पुस्तक असं झालं असतं का?

तेव्हा कोर्स बदलायचा फॉर्म भरताय? भरा बिनधास्त. फक्त आधी एक यादी करा, जुन्या कोर्समधलं काय काय सोबत घेऊन चाललाय त्याची.