ट्रायपॉड भिवंडीतून येतो, पण ब्रँड इटलीचा का? (भागाचा लेखी गोषवारा)

रील काढायला आपण ऑनलाइन ट्रायपॉड मागवतो, तेव्हा ट्रॅकिंगमध्ये बरेचदा एक नाव दिसतं: भिवंडी. पूर्वी मुंबईत माल आणला की जकात भरावी लागायची. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, नाशिक हायवेच्या आजूबाजूला गोदामं घेतली. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण तोवर ऑनलाइन खरेदी जोरात सुरू झाली होती. गोदामं राहिली, उलट वाढली.

मग प्रश्न असा, की ज्या गावात यंत्रमागांची एवढी खडखड, एवढे फिटर आणि कारागीर, तिथे ट्रायपॉडचा एखादा नावाजलेला ब्रँड का उभा राहिला नाही? उत्तरासाठी जरा इटलीत जाऊया.

उत्तर इटलीत डोंगराच्या पायथ्याशी बस्सानो देल ग्राप्पा नावाचं छोटं शहर आहे. तिथे लिनो मॅनफ्रोटो हा फोटोग्राफर होता. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढायचा, स्टुडिओतली कामंही करायचा. त्या काळचे लाइटचे स्टँड जड आणि हलवायला त्रासाचे. रोज तेच ओझं उचलून वैतागलेल्या लिनोने १९६० च्या दशकाच्या शेवटी गॅरेजमध्ये स्वतःच हलके, मजबूत स्टँड बनवायला घेतले. इतर फोटोग्राफरही मागायला लागले. मागणी गॅरेजला झेपेना.

१९७२ मध्ये त्याला जिल्बेर्तो बत्तोक्यो हा यांत्रिक कामातला जाणकार भेटला. एकाला फोटोग्राफरची अडचण माहीत, दुसऱ्याला धातूचं काम. १९७४ मध्ये त्यांचा पहिला ट्रायपॉड बाजारात आला. १९८९ मध्ये ब्रिटनच्या विंटेन समूहाने ही कंपनी विकत घेतली. १९९२ मध्ये त्याच समूहाने पॅरिसमध्ये सुरू झालेली जुनी ट्रायपॉड कंपनी गित्झोही घेतली. मालकी बदलली तरी मॅनफ्रोटो हे नाव आजही चालतं.

वस्तू तशी साधी आहे बरं का! तीन पायच का? आपल्या तीन दगडांच्या चुलीसारखंच. चार पायांचं टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तीन टेकू मात्र कसेही ठेवा, तिन्ही टेकतातच. आणि वरचा पाव इंची स्क्रू जगभर सारखा, म्हणून एका कंपनीच्या ट्रायपॉडवर दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा बसतो. म्हणजे नवीन कारखानदाराला आधीपासूनच सगळ्या जगाचं गिऱ्हाईक खुलं!

आपल्याकडे असे हात नव्हते का? होते की. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास देशी सिनेमा-कॅमेरा तयार केला. विष्णुपंत दामले त्यांच्या जोडीला होते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. फरक इतकाच, की त्यांना सिनेमा काढायचा होता. कॅमेरा हे साधन होतं, विकायचा माल नव्हता. लिनोने मात्र स्वतःसाठी बनवलेली वस्तू दुसऱ्यांना विकली आणि तोच धंदा केला.

भिवंडीकडे आज यातलं बरंच काही आहे. यंत्र दुरुस्त करणारे हात आहेत, माल ठेवायला गोदाम आहे, दाराशी हायवे आहे. लग्नाचे व्हिडिओ काढणारी, रील बनवणारी पोरंही आहेत, ज्यांना ट्रायपॉडचा कुठला खटका आधी तुटतो हे पाठ आहे. पण ही पोरं आणि तो फिटर एका टेबलावर बसत नाहीत. तुटलेला खटका फेकला जातो आणि नवा ट्रायपॉड मागवला जातो, त्याच हायवेवरच्या गोदामातून.

तुमच्या ट्रायपॉडचं सगळ्यात आधी काय मोडलं? कमेंटमध्ये सांगा. आणि ओळखीत कुणी वर्कशॉप चालवत असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!