पाळण्यातले पाय... आता व्हिडिओत!

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना? डॉक्टर मंडळींनी ते भलतंच सीरियसली घेतलंय!

माहीत आहे का? तीन ते पाच महिन्यांचं बाळ उताणं पडल्यापडल्या जी बारीक चुळबूळ करतं (मान, धड, हातपाय, सगळ्या दिशांना!), त्यावरून मेंदूची तब्येत कळते. शोधाचे मानकरी हाइन्झ प्रेख्टल. टेस्ट एकदम स्वस्त आणि मस्त: खुळखुळा बाजूला, आजीचं लाडेलाडे बोलणं म्यूट आणि काही मिनिटांचं शूटिंग. सुई नाही, वायर नाही.

हालचालींवरून आजार ओळखण्याचा एक किस्सा ऐकायला आता चला व्हिएन्नाला. साल १९५४. डॉ. आंद्रेआस रेट यांच्या वेटिंग रूममध्ये दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर. ओळख ना पाळख, पण दोघींचे हात सारखेच चाललेत, धुतल्यासारखे! तिथून सुरू झाली रेट सिंड्रोमची (मुख्यतः मुलींना होणाऱ्या, मेंदूच्या वाढीच्या जेनेटिक आजाराची) कहाणी. त्यामागचा जीन हाती लागायला मात्र १९९९ उजाडलं.

पुस्तकं सांगायची, या मुली पहिले सहा महिने ठणठणीत असतात. खरंच? प्रेख्टल आणि ख्रिस्टा आइनस्पीलर यांच्या टीमने आईबाबांनी हौसेने काढलेले घरगुती व्हिडिओ तपासले आणि २००५ मध्ये निकाल छापला: छे! हालचाली सुरुवातीपासूनच वेगळ्या. कुणाची जीभ सारखी बाहेर, कुणाचे दोन डोळे वेगवेगळ्या वेळी उघडणारे.

(थांबा! लगेच मोबाइल घेऊन पाळण्याकडे धावू नका. नुसत्या चुळबुळीवरून निदान होत नाही. शंका असेल तर गूगल नको, बालरोगतज्ज्ञ गाठा. रेटचं निदान डॉक्टर लक्षणांवरून करतात, जेनेटिक टेस्ट त्याला दुजोरा देते.)

जीनचा विषय निघालाच आहे, तर हे बघा: एक क्रोमोसोम, दोन सिनेमे! पंधराव्या क्रोमोसोमच्या ठरावीक तुकड्यात आईकडून आलेला जीन बंद, तर अँजेलमन सिंड्रोम: हसरं मूल, झटकेदार हालचाली. तिथेच वडिलांकडचे जीन गप्प, तर प्रॅडर-विली: बाळ इतकं ढिलं, की पोटातही कमीच हलतं. डॉ. हॅरी अँजेलमन यांना या हसऱ्या मुलांवरच्या १९६५ च्या पेपरची आयडिया कुठे सुचली, माहीत आहे का? इटलीत, व्हेरोनाच्या म्युझियममधलं हसऱ्या मुलाचं पेंटिंग बघून!

आणि हा घ्या बोनस. १९५८ मध्ये इस्राएलच्या नोआ एश्कोल आणि अब्राहम वाखमन यांनी नाच कागदावर उतरवायची लिपी काढली. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप टाइटलबाउम यांनी ती लावली कशाला? पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या मुलांच्या तान्हेपणीच्या व्हिडिओंना! पालथं पडणं, बसणं, रांगणं, सगळं स्टेप बाय स्टेप. कोरिओग्राफर: बाळ स्वतः.