छायाचित्रकाराचा विषय

समोर जे येईल ते कॅमेरा टिपतो. समोर काय आणावयाचे, हे मात्र त्याला ठरविता येत नाही. ते काम माणसाचे. म्हणूनच समाजस्थितीची साक्ष देणाऱ्या छायाचित्रणात विषयाच्या निवडीला तंत्राहूनही अधिक महत्त्व आहे. हृदय हेलावणारे प्रत्येक दृश्य हा विषय नव्हे. जे दृश्य पाहून ‘हे असे का?’ असा प्रश्न मनात उभा राहतो, तोच खरा विषय.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेवर मंदी, अवर्षण आणि धुळीची वादळे अशी संकटे एकदम कोसळली. असंख्य शेतकरी कुटुंबे देशोधडीला लागली. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९३५ साली सरकारने एक खाते उघडले. पुढे १९३७ मध्ये त्याला ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ हे नाव मिळाले. त्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक, छायाचित्रकार नव्हेत. ज्या प्रदेशात जावयाचे तेथील शेती आणि लोकजीवन आधी समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. काय पाहावे याची लेखी टिपणेही ते देत. संध्याकाळी माणसे घरी काय करतात, एकमेकांना कोठे भेटतात, असे साधेच प्रश्न त्यांत असत.

तथापि टिपण हा केवळ वाटाड्या. वाट चालावी लागते ती ज्याची त्यालाच. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग काम आटोपून घराकडे निघाल्या होत्या. कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्यांना दिसली. त्या तशाच पुढे गेल्या. पण मनाची चुटपुट शमेना. सुमारे वीस मैलांवरून त्या मागे फिरल्या. तळावर पीक गोठून गेले होते, हाताला काम उरले नव्हते. तेथे मुलांना बिलगून बसलेल्या एका आईची त्यांनी मोजकीच छायाचित्रे घेतली. ती वृत्तपत्रात झळकली आणि तळावर सरकारी धान्य पोहोचले.

या यशाला एक दुसरी बाजूही आहे. लँग यांनी त्या आईचे नाव विचारले नव्हते. तिचा चेहरा जगभर पोहोचला. परंतु त्यातून आपल्याला एक पैही मिळाली नाही, ही खंत तिने १९७८ मध्ये बोलून दाखविली. मंदीचा विषय जगाला सापडला, ती स्त्री मात्र अनामिकच राहिली होती.

१९४२ साली त्याच विभागात आलेल्या गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय तरुणाला स्ट्रायकर यांनी निराळी वाट दाखविली. कॅमेरा ठेवून आधी वॉशिंग्टन शहरात फिरून या, असे त्यांनी सांगितले. दुकानात, उपाहारगृहात वर्णभेदाचा कटू अनुभव घेऊन पार्क्स परतले. मग सरकारी कचेरी झाडणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीशी ते बोलले. राष्ट्रध्वजापुढे हाती झाडू घेऊन उभी असलेली ती स्त्री त्यांनी टिपली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तिचे घर, तिची नातवंडे, तिचे प्रार्थनामंदिर, असे सारे जीवनच त्यांचा विषय झाले.

विषय निवडणे म्हणजे कोणाकडे जगाचे लक्ष वेधावे याचा निर्णय घेणे होय. त्या निर्णयाबरोबर एक ऋणही अंगावर येते. ज्याचे दुःख आपण जगापुढे मांडणार, त्याचे नाव आणि त्याचे म्हणणे आधी ऐकून घेणे, हा त्या ऋणाचा पहिला हप्ता आहे.