कुत्रीच्या कर्करोगावर तिच्याच पेशींचा उतारा

कुत्रीच्या पोटाखाली बहुधा दहा स्तनग्रंथी असतात, पाचपाचच्या दोन ओळींत. उतारवयात यांपैकी एखादीत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते आणि घरचे लोक ‘दुधाची असेल’ म्हणून सोडून देतात. निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांमध्ये गाठींचा हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात.

गाठ शस्त्रक्रियेने काढतात, आणि अजूनही हाच मुख्य उपाय आहे. पण काही पेशी त्याआधीच निसटून फुप्फुसात जाऊन बसल्या असतील, तर चाकू तेथे काय करणार? असे एकेकटे चोर हुडकायचे तर शरीरभर गस्त घालणारा शिपाईच हवा. तो शरीरात आहेही: रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी. अडचण एवढीच, की कर्कपेशी परकी नसते, घरचीच बिघडलेली असते. शिपाई तिला ओळखत नाही. शिवाय गाठ अशी रसायने सोडते, की जवळ आलेली टी-पेशी मंदावते.

मग शिपायाला ओळख पटवून द्यायची कशी?

एक वाट डेंड्रायटिक पेशींची आहे. फांद्यांसारखे हात असलेल्या या पेशींचे वर्णन स्टाइनमन आणि कोन यांनी १९७३ साली केले. त्या संशयिताचे तुकडे गोळा करून टी-पेशींना दाखवतात. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्यांच्या स्वतःच्या डेंड्रायटिक पेशींचा स्तनाच्या कर्कपेशींशी संकर करून ती लस त्यांना टोचली. २०११ साली हे काम प्रसिद्ध झाले. कर्कपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. मात्र ते कुत्रे निरोगी होते. लस शरीराला जागे करते एवढे यातून कळले. रोग बरा होतो, हे नाही.

दुसरी वाट अधिक धाडसाची. रक्तातून टी-पेशी काढायच्या, त्यांत नवा जनुक घालून पृष्ठभागावर एक कृत्रिम ‘पकड’ उगवायची, संख्या वाढवायची आणि पुन्हा शरीरात सोडायच्या. वाढीचा हिशेब तुम्हीच करा: एक पेशी दहा वेळा दुभंगली की १०२४ होतात, वीस वेळा दुभंगली की दहा लाखांहून अधिक! यांना कार-टी पेशी म्हणतात. माणसांच्या काही रक्तकर्करोगांवर अमेरिकेत २०१७ साली या उपचाराला मान्यता मिळाली. मुंबईच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये पारखलेल्या अशाच उपचाराला भारतात २०२३ साली मिळाली. लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेल्या एका कुत्र्यावर पेनसिल्व्हेनियात हा प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१६ सालचा. गुण आला, पण तात्पुरता.

स्तनाच्या गाठीबाबत खरे कोडे पकडीचे आहे. पकड कशाला बसवायची? एचईआर-२ नावाचे प्रथिन स्त्रियांच्या काही स्तनकर्करोगांत फार वाढते. कुत्रींच्या काही गाठींतही ते सापडते. पण निरोगी पेशींवरही ते थोडे असतेच. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला एचईआर-२ पकडणाऱ्या कार-टी पेशी दिल्या, तेव्हा त्या फुप्फुसावरच तुटून पडल्या असाव्यात; पाच दिवसांत रुग्ण दगावला. हा वृत्तांत २०१० साली छापला गेला. सूक्ष्म संकेत टिपणारे उपकरण आजूबाजूचा गोंगाटही टिपते, हे भौतिकीच्या प्रयोगशाळेत नेहमी दिसते. येथे मात्र त्या गोंगाटाने जीव गेला.

म्हणूनच कुत्र्यांवरील या कामाकडे माणसांचे डॉक्टरही लक्ष ठेवून असतात. प्रयोगशाळेतील उंदरात गाठ बहुधा मुद्दाम रुजवावी लागते. कुत्रीला ती आपोआप होते, आपल्याच घरात, आपलीच हवा घेत असताना. आणि तिचे आयुष्य दहाबारा वर्षांचेच असल्याने उपचाराचा निकालही लवकर कळतो. तिच्या निरोगी पेशींवर नसलेली, केवळ गाठीवरच असलेली खूण अजून हवी आहे. कदाचित एकच खूण पुरणार नाही. दोन खुणा एकदम दिसल्या तरच हल्ला करणाऱ्या टी-पेशी घडवण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत.